रुईच्या गाठीतल्या दोन गोळ्या

१

खुशालराव गेले ते भर दुपारी, शंभर माणसांच्या आरडाओरड्यात, आणि बराच वेळ ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा संत्र्याचा मळा होता. त्या साली दसऱ्यानंतर आठव्या दिवशी मळ्यालगतच्या ज्वारीतली रानडुकरं हुसकून मारायला हाका लावला होता. डबे वाजत होते, ढोल वाजत होते. नजर अधू झाल्यापासून खुशालराव बंदूक धरत नसत, म्हणून ते विहिरीजवळ बाजेवर बसून होते. हाका संपला आणि त्यांची बायको माणिकबाई पाण्याचा तांब्या घेऊन गेली, तेव्हा ते बसल्या जागी कलंडले होते. पांढऱ्या बंडीवर छातीशी लाल डाग होता.

"भटकी गोळी लागली," असं सारे म्हणाले. पण सरकारी डॉक्टरनं गोळी काढली आणि चौथ्या दिवशी लेखी दिलं की ती समोरून, सरळ, जवळून मारलेली आहे. मळ्यात त्या दिवशी रायफली दोनच होत्या. एक धाकटे भाऊ पंजाबराव यांची, दुसरी जावई सूर्यभान याची. खुशालरावांनीच जमुनाच्या, आपल्या एकुलत्या एक लेकीच्या, लग्नात एका कारखान्याच्या दोन सारख्या रायफली घेऊन एक भावाला आणि एक जावयाला दिली होती. पोलिसांनी दोन्ही ताब्यात घेतल्या.

त्या पारखायला अमरावतीहून इनायतुल्ला मिस्त्रीला बोलावलं. साठीचा माणूस, चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करण्यात गेलेली. अकोल्याच्या पोलीस लाइनीमागे त्यानं सरकी काढलेल्या कापसाच्या, म्हणजे रुईच्या, दोन गाठी आडव्या ठेवायला सांगितल्या, प्रत्येक रायफलीतून एकेक गोळी गाठीत मारली आणि रुई उपसून गोळ्या बाहेर काढल्या. रुईत गोळी चेपत नाही. नळीनं तिच्यावर काढलेल्या रेघा जशाच्या तशा राहतात.

डॉक्टरनं काढलेल्या गोळीवर एक आडवातिडवा ओरखडा होता, नखानं काढल्यासारखा. पंजाबरावांच्या रायफलीची गोळी स्वच्छ निघाली. सूर्यभानच्या गोळीवर तोच ओरखडा होता. इनायतुल्लानं नळीत डोकावून पाहिलं. तोंडाजवळ गंजानं खाल्लेला खड्डा होता. त्याच्यावरून जाणारी प्रत्येक गोळी खरचटणार.

"कोणती?" फौजदार भगवंतरावांनी विचारलं.

"ही रायफल," इनायतुल्ला म्हणाला आणि सूर्यभानच्या रायफलीवर हात ठेवला.

निंबाखाली बसलेला सूर्यभान उठून उभा राहिला. शिपायानं दंडाला धरलं तेव्हा तो लहान पोरासारखा त्याच्या मागे चालू लागला.

२

दहा-बारा दिवसांनी जमुना अमरावतीला इनायतुल्लाच्या दुकानात आली. बडनेऱ्याला गाडीतून उतरून तिथून टांग्यानं एकटीच आली होती. बापाचं तेरावं नुकतंच झालं होतं. ती दारातच उभी राहिली.

"चाचा, तुमीच ना तो गाठीत गोळी मारणारा मिस्त्री?"

"हो बेटी. बस."

"बसाले नाई आली मी. तुमी माह्या बापाच्या खुन्याले शोधाले गेलते, अन् माह्या नवऱ्याले फासावर देऊन आले."

इनायतुल्लानं कानस खाली ठेवली. "मी कोणाले देत नाई, बाई. लोखंड जे सांगते ते मी सांगतो."

"मंग लोखंड खोटं बोलून राह्यलं! लग्नाच्या साली माह्या मालकानं ही रायफल तुमच्याचजवळ आणली होती. तुमी म्हणले, नळी आरशासारखी आहे. आमी अकोल्याले राह्यतो, माडीवरल्या खोलीत. ओल नाई, काई नाई. दर हप्त्याले तेल देते माहा माणूस. त्याले गंज कसा लागन?"

तिनं सांगितलं तसं इनायतुल्लाला ते आठवलं. नवा जावई, डोक्याला फेटा, आणि रायफल हाती देताना झालेला त्याचा आनंद. नळी खरंच आरशासारखी होती. तीन वर्षांत, दर हप्त्याला तेल खाणाऱ्या नळीला तोंडाजवळच खड्डा?

"ती रायफल दुसऱ्या कोणाच्या हाती गेली होती का?"

"कोणाच्याच नाई. दसऱ्याले मी सोता तिची पूजा केली. हाक्याच्या सकाळीच आमी ती घेऊन अकोटले गेलो. त्याच दुपारी बाबा..." तिचा आवाज थांबला. मग ती हळूच म्हणाली, "चाचा, तुमी पुन्हा एकडाव पाहा. एवढंच."

ती गेली. इनायतुल्लाला दुपारचं जेवण गेलं नाही. आपण त्या दिवशी रायफल पाहिली, की फक्त तिची नळी? त्यानं दुकानाला कुलूप घातलं आणि अकोल्याची गाडी धरली.

३

"मिस्त्री, आरोपपत्र तयार झालंय," भगवंतराव म्हणाले. "आता काय पाहणार?"

"साहेब, मी त्या दिवशी जे पाह्यलं नाई ते."

फौजदार भला माणूस होता. त्यानं दोन्ही रायफली टेबलावर आणवल्या. इनायतुल्लानं आधी सूर्यभानची रायफल घेतली. नळी जिथं मागच्या पोलादी भागात बसते तिथं कारखान्यात एक बारीक रेघ मारलेली असते, अर्धी नळीवर आणि अर्धी त्या भागावर. दोन्ही अर्धे एका ओळीत असायला हवेत. इथं केसभराचा फरक होता. चष्मा नसता तर दिसलाही नसता. त्यानं नळीखालचं लाकूड सोडवलं.

लाकडाखाली, जिथं फडकं पोचत नाही, तिथं नळीवर नारिंगी शेंदूर वाळून चिकटला होता. मागच्या भागावर मात्र कुंकवाचा लाल ओघळ होता. शेंदूर नळीवर होता आणि सांध्याशी सुरीनं कापल्यासारखा संपत होता. कुंकूही तिथंच संपत होतं.

"दसऱ्याची पूजा," फौजदार वाकून म्हणाले. "एकाच रायफलीला दोन रंग?"

इनायतुल्लानं न बोलता दुसऱ्या रायफलीचं लाकूड उतरवलं. तिथं उलट होतं. नळीवर कुंकू, मागच्या भागावर शेंदूर.

"नळ्या बदलल्या," इनायतुल्ला म्हणाला. "परवान्यावरला नंबर मागच्या भागावर असते साहेब, नळीवर नाई. नंबर पाहून कोणालेच समजलं नसतं."

भगवंतराव खुर्चीत बसले. जरा वेळानं म्हणाले, "पण केव्हा? खुनाच्या आधी बदलल्या असतील तर खड्ड्याची नळी खुनाच्या वेळी सूर्यभानच्याच हातात होती."

"दसऱ्याले दोन्ही रायफली आपापल्या घरी होत्या. एक अकोल्याले, एक अकोटले. पूजा झाली ती जुन्या नळीवर झाली. जमुना म्हणते, हाक्याच्या दिवशीच पह्यल्यांदा दोन्ही एका जागी आल्या. मंग त्या दुपारच्या आधी त्या बदलतील कशा?"

"जमुना आरोपीची बायको आहे."

"तर तिच्या मायले इचारू. शेंदूर कोणी लावला तेही तीच सांगन."

फौजदारांनी टोपी उचलली. पण इनायतुल्लानं त्यांना हातानं थांबवलं आणि नळी उतरवायची परवानगी मागितली. जेलच्या कारखान्यातल्या शिकंज्याच्या लोखंडी जबड्यांत धरून त्यानं ती सोडवली. आट्यांमध्ये काहीतरी पिवळट मऊ भरलेलं होतं. त्यानं बोटावर घेऊन हुंगलं.

मेण आणि करडईचं तेल. सगळे मिस्त्री नुसतं तेल लावतात. हे मिश्रण त्याच्या वडलांचं होतं. ते त्यानं आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं होतं.

"काय झालं, मिस्त्री?"

"काई नाई," इनायतुल्ला बोट पुसून म्हणाला. "अकोटले चला साहेब. मीपण येतो."

४

माणिकबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. नवरा गेल्यापासून ती फारशी बोलत नव्हती, पण लेकीच्या नवऱ्याचं नाव काढताच डोळे उघडून पाहू लागली.

"शेंदूर? मीच लावते जी. आमच्या घरी हत्याराले शेंदूरच लावतात. जमुना कुंकू लावते, तिच्या सासरची रीत तशी."

"दसऱ्यानंतर सूर्यभान इकडे आले होते?"

"नाई. एकदम हाक्याच्या सकाळी आले."

"आणि गोळी लागल्यावर रायफली कुठं होत्या?" भगवंतरावांनी विचारलं.

"त्या आतल्या खोलीत, कोनाड्याजवळ उभ्या. चौथ्या दिवशी तुमचे शिपाई घेऊन गेले तोवर तिथंच होत्या."

"त्या चार दिवसांत घरी कोण होतं?"

"सारेच." ती आठवू लागली. "तिसऱ्या दिवशी राख सावडून सारे पूर्णेवर गेले, अस्थी घेऊन. सूर्यभानही गेले. पंजाबराव तेवढे राह्यले. ताप आहे म्हणले. मी आतच पडली होती, मले तर दिवस का रात तेही समजत नव्हतं."

पंजाबराव मळ्यात सापडले. पन्नाशीचे, उन्हानं काळवंडलेले, हातात कलमाचा चाकू. प्रत्येक झाडाला ते हात लावून चालत. त्यांनी इनायतुल्लाला सावलीत बसवलं, स्वतः संत्रं सोलायला घेतलं.

"भावाशी तुमचं काही बिनसलं होतं?" फौजदार म्हणाले.

"माहा दादा देव होता साहेब. ही विहीर मी खंदली, ही कलमं मी बांधली, वीस वर्षं. दादानं कदी हिशेब नाई मांडला, मीही नाई."

"म्हणजे मळा तुम्हालाच येणार होता."

"दादानं मृत्युपत्रात जमुनाच्या नावानं केला. त्याची लेक आहे. त्याचा हक्क."

इनायतुल्लानं विचारलं, "पंजाबराव, दसऱ्याले तुमच्या रायफलीची पूजा माणिकबाईनंच केली ना? शेंदूर लावून?"

"हो. वयनीनंच. काहून?"

"रायफलीवर शेंदूर दिसला, म्हणून इचारलं."

पंजाबरावांच्या हातातला चाकू सालीवरच थांबला. "त्याच्यावरून काई ठरत नाई, मिस्त्री. सूर्यभानचे जिनिंगमधल्या फिटरांशी लय दोस्ताने आहेत. तिथं मोठमोठे शिकंजे आहेत. नळी काढ-घाल करणं त्यांच्यासाठी काई मोठी गोष्ट नाई."

दूर मोटेचं चाक कुरकुरत होतं.

भगवंतराव सावकाश म्हणाले, "नळी काढल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

५

पंजाबरावांनी पुष्कळ सारवासारव केली. लोक बोलतात, पोलिसांकडून ऐकलं, अंदाज केला. पण पोलिसांत ही गोष्ट फक्त भगवंतरावांना माहीत होती, आणि तीही आदल्या दिवसापासून. तरीही फौजदारांनी इनायतुल्लाला बाजूला घेतलं. "बोलण्यातली चूक कोर्टात पुरणार नाही. नळी बदलून देणारा माणूस पाहिजे. तुमच्या ओळखीत असा कोण आहे?"

"मले एक तास द्या," इनायतुल्ला म्हणाला.

त्याची लेक गुलनार अकोटलाच राहत होती, कापसाच्या बाजाराच्या मागे. तिचा नवरा वाहेद हा इनायतुल्लाचा शागीर्द. आठ वर्षं दुकानात शिकला, आणि मग जावई झाला. त्याचा परवान्याचा अर्ज कचेरीत पडून होता, तोवर तो कुलपं, पाण्याचे पंप, शिवणाची यंत्रं दुरुस्त करी.

बापाला दारात पाहून गुलनारचा चेहरा फुलला. "अब्बा! कळवलं नाई काई नाई. बसा, चहा टाकते."

"वाहेद कुठी आहे?"

"मशिदीत गेले. येतीलच आता."

अंगणात आंब्याच्या खोडाला शिकंजा ठोकलेला होता. त्याच्या जबड्यांत चामड्याचे दोन तुकडे होते, आणि चामड्यावर नळीचा गोल ठसा उमटलेला. इनायतुल्लाला ते पाहायचं नव्हतं, पण त्यानं पाहिलं.

"बेटी, वाहेदनं एवढ्यात एखाद्या रायफलीचं काम केलं?"

गुलनारला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "केलं ना. पंजाबराव आले होते छकड्यातून, चादरीत गुंडाळून दोन रायफली घेऊन. भाऊ वारल्यावर तिसऱ्या दिवशी. मी म्हणलंसुद्धा, असल्या दुःखात हे काय काम काढलं त्यांनी? दुपारभर बसून यांनी नळ्या बदलल्या. मीच एक टोक धरलं होतं."

इनायतुल्ला ओट्यावर बसला. बोलता बोलता ती थांबली. बापाचं तोंड पाहून तिनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"अब्बा? काय झालं?"

तेवढ्यात वाहेद आत आला. सासऱ्याला पाहिलं, शिकंज्याकडे पाहिलं, आणि तो दारातच उभा राहिला. त्याला काही विचारावंच लागलं नाही.

"मले तवा माहीत नव्हतं, उस्ताद. खुदाची कसम. ते म्हणले, सूर्यभानची नळी चांगली आहे, तो आता शिकार सोडून राह्यला, अदलाबदल करून दे. त्यांच्या नळीतला खड्डा मीच त्यांले मागं दाखवला होता. म्हणलं होतं, गोळीवर ओरखडा उठते. ते त्यांनी ध्यानात ठेवलं."

"अन् सूर्यभानले धरलं तवा?"

वाहेद खाली पाहू लागला.

"तवा समजलं ना तुले? दोन हप्ते झाले, वाहेद! दोन हप्ते!"

"पंजाबराव म्हणले, तुह्याजवळ परवाना कुठं आहे? तोंड उघडशील तर तूच आत जाशील. अन् तुमीच म्हणले होते ना, सूर्यभानची रायफल आहे म्हणून. मले वाटलं, तुमच्या शब्दापुढं माहं कोण ऐकन?"

इनायतुल्लाला हे अपेक्षित नव्हतं. आपल्या एका बोटानं एक निर्दोष माणूस दाखवला, आणि त्याच बोटाच्या आडोशाला आपलाच जावई लपून बसला.

गुलनार मधे आली. "अब्बा, फौजदाराले अजून माहीत नाई ना? कोणालेच माहीत नाई ना?"

इनायतुल्लानं तिच्याकडे पाहिलं. ती लहान असताना तापात त्याचा सदरा धरून झोपायची, तशीच आत्ता तिनं त्याच्या बाहीला धरलं होतं. त्यानं ती बोटं एकेक करून सोडवली.

"वाहेद," तो म्हणाला, "जोडे घाल. तू सोता चालत जाशील तर बरं. नाई तर मी घेऊन जाईन."

वाहेदनं जोडे काढलेच नव्हते. तो बायकोकडे न पाहता वळला आणि पुढे चालू लागला.

६

वाहेदची जबानी झाली तशी पंजाबरावांनी संध्याकाळच्या आत सारं कबूल केलं. मृत्युपत्राची गोष्ट त्यांना हाक्याच्या आदल्या दिवशी भावानंच सांगितली होती, अगदी सहज, जेवताना. "वीस वर्षं झाडं मी वाढवली," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "त्यानं इचारलंसुद्धा नाई."

अकोल्याच्या सेशन कोर्टात इनायतुल्लाची साक्ष झाली. पंजाबरावांचा वकील मोठा होता, आवाज मोठा होता.

"म्हणजे तुम्ही आधी पोलिसांपुढे दिलेला जबाब खोटा होता?"

"चूक होता साहेब."

"चाळीस वर्षांचा अनुभव, आणि चूक?"

"मी नळी पाह्यली अन् रायफल म्हणलो," इनायतुल्ला म्हणाला. "चाळीस वर्षांत असा फरक पडल असं वाटलंच नाई. मले इचारलं होतं, कोणती. मी म्हणाले पाह्यजे होतं, ही नळी. बाकी मले माहीत नाई. तेवढं नाई म्हणलो, म्हणून एक माणूस तीन हप्ते आत बसला."

"आणि नळ्या बदलणारा साक्षीदार वाहेद तुमचा जावई आहे, हे खरं?"

"खरं."

"त्याला इथं कोणी आणलं?"

इनायतुल्लानं कठड्याला धरलं. "मी."

वकील आपल्या जागेवर बसला.

पंजाबरावांना फाशीची शिक्षा झाली. वाहेदला विनापरवाना काम केल्याबद्दल आणि पुरावा लपवल्याबद्दल नऊ महिने. स्वतः हजर झाला म्हणून कमी, असं न्यायाधीश म्हणाले.

सूर्यभान तर आरोपपत्र मागे घेतलं तेव्हाच सुटला होता. निकालाच्या दिवशी तो जमुनाबरोबर कोर्टाच्या आवारात होता. दोघं इनायतुल्लाच्या पाया पडायला आले, त्यानं पाय मागे घेतले. "मले नको," तो म्हणाला. "मी चुकलो होतो." सूर्यभान त्याचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

पिंपळाच्या पारावर गुलनार बसली होती. शिपाई वाहेदला घेऊन गेल्यापासून ती तिथून हलली नव्हती. इनायतुल्ला दोनदा तिच्याजवळ गेला. दोन्ही वेळा तिनं तोंड फिरवलं. घरच्या माणसाला बापानंच पकडून दिलं, यापुढे ती त्याच्याशी काय बोलणार? अकोटची शेवटची मोटार सुटायची वेळ झाली होती.

जमुनानं ते दुरून पाहिलं. ती नवऱ्याला थांबायची खूण करून पाराजवळ गेली. इनायतुल्ला दोन पावलं मागे सरला. या बाईला जे बोलायचं असेल ते बोलायचा तिला हक्क होता, आणि त्यानं मधे पडायचं नव्हतं.

"तू वाहेदची बायको ना?" जमुना म्हणाली.

गुलनारनं मान वर केली.

"तुह्या माणसानं तोंड उघडलं असतं तर माहा माणूस एक दिवसही आत बसला नसता. मले लय राग आहे. तो जाणार नाई, खोटं काहून सांगू?"

गुलनार रडू लागली. जमुना तशीच उभी राहिली, तिच्या अंगाला हात न लावता. मग ती खाली वाकली आणि गुलनारच्या पायाजवळचं गाठोडं उचललं.

"ऊठ. मोटार सुटून राह्यली. मीबी मायकडंच चालली. माह्याजवळ बस."

गुलनार उठली. दोघी फाटकाबाहेर उभ्या मोटारीकडे निघाल्या, पुढेमागे, न बोलता. इनायतुल्ला त्यांच्याकडे पाहत उभा राहिला. मोटारीच्या पायरीशी पोचल्यावर गुलनार थांबली, वळली आणि तिनं बापाकडे एकदा पाहिलं. हात हलवला नाही, हसलीही नाही. पण पाहिलं.

मग ती आत चढली आणि जमुनानं तिला खिडकीपाशी जागा करून दिली.